वॉलकॉटचा काटा: पिकअपमागे ट्रेलर लावणाऱ्यांसाठी

वॉलकॉट, आयोवा. आय-८० महामार्गाची एक्झिट २८४. जगातला सगळ्यात मोठा ट्रक स्टॉप म्हणून मिरवणाऱ्या 'आयोवा ८०' च्या आवारात कॅट स्केलचा वजनकाटा आहे. त्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण पिकअपमागे कॅम्पर (चाकांवरचं घर), बोट, घोड्यांचा ट्रेलर, काहीही लावून लांब निघणार असाल, तर एकदा तरी अशा काट्यावर चढा. ट्रेलर विकणाऱ्याचा शब्द, माहितीपत्रकातला आकडा आणि 'आम्ही तर गेली कित्येक वर्षं असंच नेतोय' म्हणणारा शेजारी, हे तिघं मिळूनसुद्धा काट्याच्या एका चिठ्ठीपुढे टिकत नाहीत.

मी मूळची कराडकडची. आता मिसिसिपीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या क्वाड सिटीजमध्ये राहते. ट्रॅक्टरच्या धंद्यामुळे पुण्याहून इकडे आलेली मराठी घरं इथे बरीच आहेत, आणि चार-पाच वर्षं झाली की प्रत्येक घराला एकदा तरी कॅम्पर घ्यायची हुक्की येते. आम्हालाही आली. गाडी आमच्याकडे होतीच: २०१९ ची एफ-१५० पिकअप, चार दारांची, साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन. तिच्यामागे आता सव्वीस फुटी, दोन आसांचा कॅम्पर लागतो. बेत होता साउथ डकोटातल्या बॅडलँड्सचा, म्हणजे एका दिशेला दोन दिवसांचा रस्ता आणि वाटेत झाडाचा आडोसा नसलेली मैलोन् मैल वाऱ्याची पट्टी. सोबत उन्हाळ्यासाठी आलेले माझे वडील. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो.

ट्रेलर ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण ही सवय त्याच्या एकट्याची नाही. त्याने गाडी बघितली, फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "ही अकरा हजार पौंड ओढते, तुमचा ट्रेलर साडेपाच हजारांचा. डोळे मिटून न्या." दोन्ही आकडे कागदावर खरे होते आणि दोन्ही आमच्या काही कामाचे नव्हते.

साडेपाच हजार हे ट्रेलरचं कोरडं वजन. कारखान्यातून बाहेर पडतानाचं. त्यात बॅटरी धरलेली नसते, गॅस धरलेला नसतो, पाणी नसतं, गाद्यांवरच्या चादरी नसतात, आणि मराठी स्वयंपाकघर तर नसतंच. वीस पौंडी गॅसची टाकी भरली की सदतीस पौंडांच्या आसपास जाते, आणि पुढे अशा दोन. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा. चाळीस गॅलनची टाकी भरून निघालात तर नुसत्या पाण्याचे ३३४ पौंड, म्हणजे दीडशे किलो. त्यावर तांदळाची गोणी, दोन कुकर, लोखंडी कढई, पोळपाट, आणि नवऱ्याची हत्यारांची पेटी जिच्याशिवाय तो घरामागच्या अंगणातही जात नाही.

अकरा हजारांची गोष्ट आणखी मजेची. हा ओढण्याचा आकडा अमेरिकेत कंपन्या एसएई जे २८०७ नावाच्या मानकानुसार काढतात. चाचणी चांगली कडक असते. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हाळ्यात, एसी चालू ठेवून गाडीने ट्रेलर वर न्यायचा असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि थंडाव्याची यंत्रणा यांची परीक्षा त्यात पुरेपूर होते. पण त्या हिशेबात गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी दीडशे पौंडांची. हिचचं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायचं, सामान सत्तर पौंड. आणि ट्रेलरच्या वजनाचा दहा टक्के भार गाडीच्या हुकावर. आता माझ्या गाडीच्या दारातली पट्टी बघा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. माझ्या गाडीवर तो आकडा १,४८० आहे, आणि हुकावरचा भारही त्यातच मोजायचा. अकरा हजारांचे दहा टक्के अकराशे, दोन माणसं तीनशे, हिच सत्तर. बेरीज १,४७०. उरले दहा पौंड. एक कुकर आणि एक कढई. तिसरं माणूस गाडीत बसलं की संपलं.

म्हणून पिकअपवाल्याने पहिला बघायचा आकडा दाराच्या खांबावरचा. साध्या पिकअपमध्ये ओढायची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी पाठीवर घ्यायची ताकद संपते. आणि पाठीवर नेमकं किती आलंय हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, कारण ते तुमच्या सामानावर ठरतं. त्यासाठीच काटा.

आता काट्याचं. कॅट म्हणजे 'सर्टिफाइड ऑटोमेटेड ट्रक'. पिवळ्या बुलडोझरवाल्या कंपनीशी याचा संबंध नाही, जरी इथे आसपास ती कंपनीही जोरात असल्यामुळे पुष्कळांचा तसा समज असतो. बिल मून यांनी १९७७ मध्ये हे काटे सुरू केले. आयोवा ८० हा ट्रक स्टॉपही त्यांनीच वाढवला, आणि कॅट स्केलचं मुख्य कार्यालय आजही वॉलकॉटलाच आहे. तेव्हा हा काटा म्हणजे घरचा काटा. पण अमेरिकेत आणि कॅनडात असे दोन हजारांवर काटे आहेत, त्यामुळे तुम्ही टेक्सासात असा नाहीतर न्यू जर्सीत, तुमच्या जवळच्या महामार्गावर एखादा असणारच. काळ्या-पिवळ्या रंगातली उंच पाटी लांबूनच दिसते.

हे काटे मुळात मोठ्या ट्रकांसाठी. त्यांना आंतरराज्य महामार्गावर एकूण ८०,००० पौंडांची मर्यादा, जोडआसांना ३४,०००. माल भरला की ड्रायव्हर काट्यावर येतो, बघतो, गरज पडली तर मागची चाकं पुढेमागे सरकवून भार वाटून घेतो. आपण त्याच व्यवस्थेत पाहुणे म्हणून शिरायचं. त्यांच्याकडून कधी वाकडी नजर झाली नाही, पण रांगेत मागे उभ्या असलेल्या ट्रकवाल्याचा वेळ हा त्याचा पगार असतो, हे विसरू नये. आम्ही रविवारी सकाळी लवकर गेलो. रांग नव्हती.

आधी पंपावर जाऊन टाकी पूर्ण भरा. पट्टीवरचा १,४८० चा आकडा भरलेल्या टाकीवर बेतलेला असतो, म्हणून वजनही तसंच करावं. जे जे लोक प्रवासाला येणार ते सगळे गाडीत बसलेले हवेत. आण्णांना आधी उतरून लांबून बघायचं होतं. "मी उतरलो तर हलकं भरंल की," म्हणाले. म्हटलं, आण्णा, आपल्याला हलकं भरायचं नाहीये, खरं भरायचंय. ते हसले आणि परत बसले.

काट्यावर एकामागे एक प्लॅटफॉर्म असतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं येतं. पुढची चाकं पहिल्यावर, गाडीची मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची सगळी तिसऱ्यावर. पिकअप ट्रकापेक्षा आखूड, त्यामुळे दोन प्लॅटफॉर्ममधली फट तुमच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पडते आहे ना, हे काच खाली करून डोकावून बघा. मग बटण दाबायचं आणि बोलायचं. अर्धा तारा इथे गेला. बटण मोठ्या ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर आहे, आणि माझ्यासारख्या पाच फूट दोन इंचांच्या बाईने पिकअपमधून हात कितीही लांबवला तरी ते काही हाताशी येत नाही. खाली उतरून, टाचा उंचावून दाबावं लागतं, मग पुन्हा आत बसावं लागतं. दुसरा उपाय त्यांचं 'वे माय ट्रक' ॲप. त्यात पैसे आधीच भरता येतात, काट्यावर उभं राहून फोनवरच वजन घेता येतं आणि चिठ्ठी ईमेलने येते. दुसऱ्या वजनापासून आम्ही तेच केलं. पहिल्यांदा मात्र आत जाऊन कागदी चिठ्ठी घ्यावी, असं माझं मत. खिडकीवरची बाई दोन प्रश्न विचारते: पहिलं वजन की फेरवजन, आणि ट्रक नंबर काय. नंबर काहीही सांगा. कंपनी विचारली तर खाजगी म्हणा. मी गेले तेव्हा पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आत पडले. त्याच काट्यावर चोवीस तासांत पुन्हा केलं तर फेरवजनाला पाचच्या आसपास.

आम्ही तीन वजनं केली आणि तुम्हीही तिन्ही करा. एकट्या पहिल्या चिठ्ठीवरून मर्यादेच्या आत आहोत की नाही एवढं कळतं. हुकावर किती भार आहे ते तिन्हींशिवाय कळत नाही.

पहिलं वजन, सगळं जोडून, जसं रस्त्यावर जाणार तसं. आमच्याकडे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आहे, म्हणजे हुकापासून मागे ट्रेलरच्या चौकटीपर्यंत जाणारे दोन पोलादी बार, जे ताणले की गाडीच्या मागच्या आसावरचा भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे वाटला जातो. हे बार लावून आलं: पुढे ३,१८०, मागे ३,७४०, ट्रेलर ५,८६०. एकूण १२,७८०.

दुसरं वजन, तेच सगळं, फक्त बार काढून. हे बार काट्यावर उभं राहून काढू नका. बाजूच्या मोकळ्या जागेत जा, ट्रेलरच्या जॅकने पुढचं टोक गाडीसकट थोडं उचला, ताण गेला की मगच बार सोडवा. ताणलेला बार सुटून पायावर आला तर हाड राहत नाही. बार काढून आलं: पुढे २,९००, मागे ४,१८०, ट्रेलर ५,७००. एकूण तेच, १२,७८०.

तिसरं, ट्रेलर सोडून नुसती गाडी. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावून, कुठे ठेवायचा ते आत विचारून. तिथे नऊशे ट्रक मावतात, आम्हाला कोपरा मिळाला. गाडीचं: पुढे ३,२६०, मागे २,८८०, मिळून ६,१४०.

तिसऱ्या वजनाच्या वेळी आण्णा मागच्या सीटवरून बोलले, "हां, ही रिकामी गाडी." साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. भरलेली ट्रॉली काट्यावर, मग गव्हाणीत खाली केलेली रिकामी, आणि वजाबाकी म्हणजे आपला ऊस. इथेही तेच. १२,७८० मधून ६,१४० गेले, ट्रेलरचं खरं वजन ६,६४० पौंड. तीन टनांच्या वर. माहितीपत्रकापेक्षा अकराशेहून जास्त. आणि बार नसताना गाडीच्या चार चाकांवर ७,०८० होते, त्यातून नुसत्या गाडीचे ६,१४० वजा केले की हुकावरचा भार ९४० पौंड. माहितीपत्रकात या भाराचा आकडा होता ६१०.

हे ९४० वाईट नाहीत, उलट मला हवेच होते. ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो, आमचा चौदा टक्के आला. दहाच्या खाली गेला तर ट्रेलर डोलायला लागतो: मागचं जड टोक बाजूला जातं, परत येतं, पुढच्या वेळी आणखी लांब जातं, आणि साठच्या वेगात गाडीलाच हाकायला लागतं. म्हणून भार कमी करण्यासाठी सगळं जड सामान ट्रेलरच्या मागच्या भागात ढकलणं हा सगळ्यात धोक्याचा उपाय. पुष्कळ लोक मागच्या बंपरवर चार सायकली टांगतात. त्यांना मी रस्त्यात ओलांडून लवकर पुढे जाते.

आता मर्यादा. दाराच्या खांबावरच्या दुसऱ्या स्टिकरनुसार माझ्या गाडीचं कमाल एकूण वजन ७,०५० पौंड, मागच्या आसाची मर्यादा ४,०५०. बार नसताना मागच्या आसावर ४,१८० आणि एकूण ७,०८०, म्हणजे दोन्हीकडे बाहेर. बार लावल्यावर मागे ३,७४० आणि एकूण ६,९२०, दोन्हीकडे आत. आमच्या हुकावरच्या स्टिकरवरही हेच वेगळ्या शब्दांत लिहिलंय: साध्या बॉलवर (ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो) फक्त ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० चा भार, त्यापुढे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच सक्तीचा. ते स्टिकर गाडीच्या पोटाखाली असतं. वाचायला रस्त्यावर आडवं व्हावं लागतं, म्हणून कुणी वाचत नाही.

पण चिठ्ठीवर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो पुढच्या चाकांचा आकडा. नुसत्या गाडीवर ३,२६०, ट्रेलर टेकवल्यावर २,९००. पुढची चाकं ३६० पौंडांनी हलकी झाली होती. आमच्याकडे सीझनमध्ये दोन ट्रॉल्या लावून चढाला लागलेला ट्रॅक्टर पुढचं नाक उचलतो, आणि मग ड्रायव्हर स्टिअरिंग कितीही फिरवो, ट्रॅक्टर सरळच जातो. पिकअपचं नाक असं डोळ्यांना दिसेल इतकं उचलत नाही, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर ते कळतं, आणि तेव्हा कळून फारसा उपयोग नसतो. पिकअप थांबवण्याचं आणि वळवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. बार ताणल्यावर तो आकडा परत ३,१८० वर आला. हे डोळ्यांनी मोजता येत नाही. चाकाच्या कमानीची उंची टेपने मोजून अंदाज बांधता येतो, आणि पुस्तकातही तसं सांगितलेलं असतं, पण पौंडात पाहिलं की खात्री पटते.

आमच्याकडे आता १३० पौंडांची मोकळीक होती. कायद्याने ठीक, मला कमी वाटली. नवऱ्याची पेटी गाडीच्या हौद्यातून उचलून ट्रेलरमध्ये बरोबर आसांच्या वर, जमिनीवर, पट्ट्याने बांधून ठेवली. पुढच्या कप्प्यातली पाण्याची नळी आणि लाकडी ठोकळेही तिथेच. त्यावरून घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही. मग फेरवजन, बार लावूनच: पुढे ३,१८०, मागे ३,६८०, ट्रेलर ५,९२०. एकूण अर्थात तेच. मागचा आस साठ पौंडांनी हलका, मोकळीक १९०. पाच डॉलरमध्ये याहून चांगला सौदा मला इथे मिळालेला नाही.

या सगळ्यात आण्णांना एकच प्रश्न होता. "काटा कुणाचा? सरकारी?"

म्हटलं, खाजगी कंपनीचा.

"मग मारत असतील की."

काटा मारणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या वाचकाला सांगायला नको. दर सीझनला कारखान्याच्या गेटवर याच एका गोष्टीवरून शेतकरी तावातावाने बोलतात, बाहेरच्या काट्यावर वजन करून मग आत जातात, तिथे नाही म्हटलं की भांडतात. म्हणून मी त्यांना कॅट स्केलची हमी समजावून सांगितली. यांच्या काट्यावर मर्यादेत वजन भरलं आणि पुढे सरकारी नाक्यावर जास्त भरून दंड झाला, तर हे लोक लगेच आपला काटा तपासतात. काटा चुकीचा निघाला तर दंड कंपनी भरते. काटा बरोबर असेल, तर कंपनीचा माणूस ड्रायव्हरच्या बाजूने साक्ष द्यायला कोर्टात उभा राहतो. आण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं. "काटेवाला कोर्टात येतो? शेतकऱ्याच्या बाजूनं?" ट्रकवाल्याच्या, मी म्हटलं. "तेच की."

खाजगी पिकअपला या हमीचा थेट उपयोग नाही, कारण आपल्याला नाक्यावर कुणी अडवत नाही. पण ज्या यंत्रावर दंडाच्या पैशांची जबाबदारी आहे ते यंत्र नीट ठेवलं जातं, एवढं पुरे.

तक्रारी आणखी दोन, तारा न कापता. एक, काटा फक्त आकडे देतो. बरोबर की चूक ते सांगत नाही, आणि खिडकीवरची बाईही सांगणार नाही, तिला तुमच्या गाडीची मर्यादा माहीत नसते. तेव्हा दाराच्या खांबावरच्या दोन्ही स्टिकरांचा, हुकाच्या स्टिकरचा आणि ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढे असलेल्या स्टिकरचा फोटो घेऊनच जा. दोन, दोन आसांच्या ट्रेलरचे दोन्ही आस एकाच प्लॅटफॉर्मवर येतात आणि डावं-उजवं वेगळं होत नाही. आमचं स्वयंपाकघर एका बाजूला आणि सगळी भांडी तिथेच, त्यामुळे ती बाजू जड असणार. चारही चाकं वेगळी तोलायची तर दुसरी सोय शोधावी लागते.

आणि काट्याला ज्या गोष्टी दिसतच नाहीत त्यांची यादी मोठी आहे. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा थंड असताना टायरवर लिहिलेल्या पूर्ण दाबाइतकी हवी. कमी हवा म्हणजे गरम टायर, आणि उन्हाळ्यात फुटणारे बहुतेक ट्रेलर-टायर तसेच फुटतात. 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) लिहिलेले पुष्कळ टायर ६५ मैलांपर्यंतच्या वेगासाठी असतात. साउथ डकोटात आय-९० वर ८० ची पाटी आहे, ती आपल्यासाठी नाही. आम्ही ६२ वर होतो, उजव्या लेनमध्ये, आणि सगळं जग आम्हाला ओलांडून जात होतं, तरी पोचलो संध्याकाळीच. ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या साखळ्या हुकाखाली फुलीसारख्या टाकाव्यात, म्हणजे बॉलवर बसणारा कपलर निसटलाच तर पुढचा दांडा रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत पडतो. ट्रेलर सुटल्यावर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवेची तार साखळीला न बांधता गाडीला वेगळी अडकवावी. आणि गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणारा ब्रेक कंट्रोलर नसेल तर निघूच नये. तीन टनांचा ट्रेलर गाडीच्या एकटीच्या ब्रेकवर थांबवायचा प्रयत्न म्हणजे समोरच्या गाडीवाल्याच्या जिवाशी खेळ.

ब्रेक कंट्रोलरचा तो छोटा हातदांडा कशासाठी असतो हे विक्रेता सांगत नाही, म्हणून सांगते. ट्रेलर डोलायला लागला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि फक्त तो दांडा दाबायचा. ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागे ओढला जातो आणि सरळ होतो. घाबरून गाडीचा ब्रेक दाबला तर गाडी हळू होते आणि मागचा ट्रेलर तिला ढकलतो. उलट्या बाजूला स्टिअरिंग मारलं तर डोलणं वाढतं. बॅडलँड्सच्या वाटेवर बाजूने मोठे ट्रक जाताना आधी आम्ही त्यांच्याकडून ढकलले जायचो आणि मग ओढले जायचो, पण चौदा टक्क्यांच्या आसपासचा हुकावरचा भार आणि ताणलेले बार यामुळे ते तिथेच विरायचं. दांडा वापरायची वेळ आली नाही.

आयोवा ८० चं म्हणाल तर काट्याखेरीजही तिथे दोन-तीन तास सहज जातात. न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे, ट्रकांच्या सुट्या भागांचं भलंमोठं दुकान आहे, जिथे क्रोमचे बंपर दागिन्यांसारखे मांडलेले असतात. शेजारी जुन्या ट्रकांचं संग्रहालय, प्रवेश फुकट. आण्णा तिथून निघायला तयार नव्हते. हॉटेलातल्या न्याहारीच्या बशा इतक्या मोठ्या की दोघांत एक मागवावी. शाकाहारी माणसाला अंडी-बटाटे आणि सॅलड बारवर भागवावं लागतं. जुलैत ट्रकवाल्यांची जत्रा भरते, त्या दिवसांत काट्यावर जायचं नाव काढू नका.

चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा, कारण कागदाची शाई उन्हात उडते. आमच्या चिठ्ठ्या ट्रेलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्यात, सोबत दाराच्या पट्टीचे आकडे. पुढच्या वेळी पाण्याची टाकी भरून वजन करणार आहे, कारण ती टाकी आसांच्या पुढे आहे की मागे यावर कंपनीचं पुस्तक आणि माझा नवरा यांचं एकमत नाही.